स्वतंत्र सूर आणि पोरके शब्द

'बँड' हा शब्द आखाडा बाळापुरांत किंवा त्याच्या आसपासच्या गांवांत उच्चारला कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें लग्नाची वरात उभी राहते. पितळी वाद्यें, रंगीत डगले, पुढें नाचणारीं पोरें आणि मागून डुलत येणारा नवरदेवाचा घोडा, असें तें चित्र असतें. अलीकडे त्या चित्रांतून पुष्कळदां वाद्यें व वाजविणारे दोन्ही नाहींसे होतात आणि ध्वनिवर्धकांची एक भिंत तेवढी उरते. परंतु ह्याच शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे. चार-पांच जणांनीं एकत्र यावें, शब्द स्वतः रचावे, चाल स्वतः बांधावी, वाजवावें व गावेंही स्वतःच, आणि चित्रपटाचा आश्रय न घेतां त्या गाण्यांचा एक संग्रह लोकांपुढें मांडावा, हा तो अर्थ. घरांतील मुलाला तो पूर्ण परिचित असतो व वडिलांना बहुधा अपरिचित. मुलगा कानांत बोंडें घालून तासन्‌तास काय ऐकतो हें शेजारच्या खोलींतील बापास ठाऊक नसतें. आणि ज्या मराठी मासिकानें त्याला तें सांगावें, तें मासिक ह्या विषयाच्या वाटेस सहसा जात नाहीं. नाटक, कादंबरी, ख्यालगायकी ह्यांवर आमच्याकडे पानेंच्या पानें लिहिलीं जातात. विजेच्या गिटारीवर एक परिच्छेद लिहिणें मात्र कोणास गांभीर्याचें वाटत नाहीं. ही उपेक्षा योग्य नाहीं असें आम्हांस वाटतें. ज्या गाण्यांवर एका पिढीचें मन पोसलें जातें, त्या गाण्यांचा कस लावणें हें टीकेचें कर्तव्यच आहे.

हा कस बाळापुराहून लावावयाचा म्हणजे काय, असें कोणी विचारील. आखाडा बाळापूर हें कळमनुरी तालुक्यांतील, नांदेड-हिंगोली रस्त्यावरील बाजाराचें गांव. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा निराळा झाला, त्यांत तें आलें. हळद, सोयाबीन व कापूस हे येथील बोलण्याचे मुख्य विषय. मुंबईच्या रंगमंचावर नवें काय झालें ह्याची वार्ता येथें उशिरानें पोंहोचावयाची, हा जुना अनुभव. आतां मात्र खिशांतल्या फोनानें तें अंतर पुसून टाकलें आहे. वांद्र्याच्या मुलास जें गाणें ज्या क्षणीं ऐकूं येतें, त्याच क्षणीं तें बाळापुरच्या मुलासही ऐकूं येतें. परंतु ऐकूं येणें निराळें आणि उमगणें निराळें. ह्याच जिल्ह्यांत नरसी आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा त्या गांवाकडे बोट दाखविते. ह्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ आहे. तेथें विसोबा खेचरांनीं नामदेवांस गुरूपदेश केल्याची कथा घरोघर सांगितली जाते. चार माणसांनीं टाळ-मृदंग घेऊन एकत्र बसावें आणि आपल्या मनांतलें आपल्या बोलींत गावें, ही गोष्ट ह्या मातीला सातशें वर्षांची ओळखीची आहे. तेव्हां 'स्वतंत्र बँड' म्हणविणाऱ्या मंडळींस कांहीं विचारण्याचा अधिकार बाळापुरास मुंबईपेक्षां कमी नाहीं.

आमच्या परीक्षणाचा मुख्य विषय मुंबईच्या 'इंडस क्रीड' ह्या बँडचा 'इव्हॉल्व्ह' हा २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला अल्बम होय. त्यास आतां वर्षें लोटलीं आहेत, हें आम्ही जाणतों. परंतु तत्काळ टीका पुष्कळदां टाळ्यांचा प्रतिध्वनि असते. टाळ्या विरल्यावर काय शिल्लक राहतें हें पाहण्यास थोडा काळ जावा लागतो. शिवाय ह्या संग्रहाच्या निमित्तानें जो प्रश्न उभा राहतो तो आजही सुटलेला नाहीं.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. १९७० व १९७१ सालीं एका तंबाखूच्या कंपनीनें आपल्या 'सिमला' ह्या सिगारेटच्या नांवानें 'सिमला बीट' ही बँडची स्पर्धा भरविली आणि तींत वाजविणाऱ्या तरुणांच्या तबकड्या काढल्या. त्या काळच्या मुंबई-कलकत्त्याच्या बँडांचा बहुतेक उद्योग म्हणजे इंग्लंड-अमेरिकेंतील गाजलेलीं गाणीं हुबेहूब वाजविणें. मूळ गाण्याशीं जितकें साम्य अधिक तितकें कौतुक अधिक. शिकाऊ माणसानें कित्ता गिरवावा ह्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु अक्षर वळणदार झाल्यावरही माणूस कित्ताच गिरवीत बसला तर त्याच्या वहींत त्याचें स्वतःचें असें कांहीं उरत नाहीं.

१९८४ सालीं मुंबईंत 'रॉक मशीन' ह्या नांवाचा बँड निघाला. त्यानें हा कित्ता बाजूस ठेवला, हें त्याचें पहिलें श्रेय. १९८८ सालीं 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० सालीं 'द सेकंड कमिंग' असे त्यांचे संग्रह निघाले. गाणीं इंग्रजी होतीं, बाज पाश्चात्त्य होता, पण रचना स्वतःची होती. १९९३ सालीं ह्या मंडळींनीं आपलें नांव बदलून 'इंडस क्रीड' असें ठेविलें. सिंधु नदीचें नांव धारण करणें ह्याचा अर्थ उघड आहे: आपण कोठले, हें जगास सांगण्याची गरज त्यांस भासली. त्याच वर्षीं त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' ह्या गाण्याच्या चित्रफितीस एमटीव्ही वाहिनीचें आशिया खंडांतील प्रेक्षकपसंतीचें पारितोषिक मिळालें. १९९५ सालीं बँडच्याच नांवाचा संग्रह निघाला. १९९७ सालीं बँड मोडला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. २०१० सालीं मंडळी पुन्हां एकत्र आली आणि दोन वर्षांनीं 'इव्हॉल्व्ह' निघाला. दोन संग्रहांच्या मध्यें सतरा वर्षें गेलीं. ज्या धंद्यांत दर महिन्यास नवें नांव व नवा चेहरा लागतो, त्या धंद्यांत सतरा वर्षांनीं परत येऊन, जुन्या लोकप्रिय गाण्यांची उजळणी न करतां, संपूर्ण नवीं गाणीं मांडणें ह्यास धैर्य लागतें. 'विकसित होणें' ह्या अर्थाचें संग्रहाचें नांवही त्या धैर्यास शोभणारें आहे.

संग्रहांत आठ गाणीं आहेत. उदय बेनेगल ह्यांचा आवाज, महेश तिनईकर ह्यांची गिटार आणि झुबिन बालापोरिया ह्यांचीं कळीचीं वाद्यें हा जुना पाया. रुशाद मिस्त्री ह्यांची खर्जाची गिटार व जय रो कवी ह्यांचीं तालवाद्यें ही नवी भर. ह्या पांच जणांचें एकमेकांशीं जें संभाषण चालतें, तें ह्या संग्रहाचें खरें वैभव होय. तिनईकरांच्या गिटारींत दाखवेगिरी नाहीं. जेथें दहा स्वर वाजवितां आले असते तेथें ते तीन वाजवितात आणि ते तीन नेमके असतात. पुष्कळ ऐकलेल्या व पुष्कळ टाकून दिलेल्या कलावंतासच असा संयम साधतो. 'टेक इट हार्डर' ह्या गाण्यांतील जोर नांवास साजेसा आहे. तरी त्या जोरांतही एक वाद्य दुसऱ्यास झांकीत नाहीं. बेनेगल ह्यांच्या आवाजांतही तरुणपणची आरोळी मागें पडून एक भरदार, सावकाश असा पोत आला आहे. 'गुडबाय' ह्या निरोपाच्या गाण्यांत तो विशेष प्रत्ययास येतो.

ध्वनिमुद्रणाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण ह्या संगीतांत ध्वनिमुद्रण हा रचनेचाच भाग असतो. आमच्या बैठकींत गवई, तबलजी व पेटीवाला एकाच वेळीं गातात-वाजवितात आणि त्यांचा समतोल ते तेथेंच साधतात. येथें प्रत्येक वाद्य निरनिराळें मुद्रित करितात आणि मागाहून कोणतें किती पुढें आणावयाचें, कोणतें कोठें ठेवावयाचें, हें एक स्वतंत्र कारागीर ठरवितो. 'इव्हॉल्व्ह'चें हें काम टिम पामर ह्यांनीं केलें. 'पर्ल जॅम' ह्या अमेरिकन बँडच्या 'टेन' ह्या १९९१ सालच्या गाजलेल्या संग्रहाचें मिश्रणही ह्यांचेंच. परिणाम असा कीं, ध्वनीच्या दृष्टीनें हा संग्रह जगांतील कोणत्याही संग्रहाशेजारीं निःशंकपणें ठेवावा. एके काळीं मुंबईच्या तबकड्या ऐकतांना 'आपल्याकडचें आहे, तेव्हां एवढें चालावयाचेंच' अशी सवलत द्यावी लागे. ती ह्या मंडळींनीं मागितली नाहीं व आम्हांसही द्यावी लागली नाहीं.

एवढें सर्व असून संग्रह संपल्यावर मनांत एक रिकामी जागा राहते. ती शब्दांची आहे. पहिल्या गाण्याचें नांव 'फायरफ्लाइज', म्हणजे काजवे. काजवा म्हटल्यावर आमच्या वाचकास ज्येष्ठांतील ओली रात्र आठवते. आकाश भरून आलें आहे, पहिला पाऊस पडून गेला आहे, आणि बांधावरचें झाड एकाएकी लुकलुकूं लागलें आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशीं मुंबईकरासही हें दृश्य नवें नाहीं. परंतु ह्या गाण्यांतील काजवा आम्हांस कोठल्याच झाडावर बसलेला दिसला नाहीं. तो सर्वत्र चालणारें एक रूपक होऊन राहतो. 'द मनी' ह्या गाण्याचा विषय नांवावरूनच स्पष्ट आहे. ज्या शहरांत दलाल स्ट्रीट आहे, जेथें गिरण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले, त्या शहरानें पैशावर गाणें रचावें ह्यापरतें योग्य तें काय? पण त्या गाण्यांतही तें शहर आम्हांस भेटलें नाहीं. हेंच गाणें लंडनच्या किंवा लॉस एंजलिसच्या बँडनें गाइलें असतें तर त्यांतील एक शब्दही बदलावा लागला नसता. वाद्यें सांगतात कीं हीं माणसें पुष्कळ जगलीं आहेत. शब्द सांगत नाहींत कीं तीं कोठें जगलीं. सूर स्वतंत्र झाले, शब्द मात्र पोरकेच राहिले, असा आमचा अभिप्राय आहे.

ह्यावर लगेच एक आक्षेप येईल: 'तुमचा राग इंग्रजीवर आहे.' तसें मुळींच नाहीं. इंग्रजी ही मुंबईच्या एका वर्गाची घरची भाषा आहे, आणि जी भाषा घरांत बोलली जाते तींत माणसानें गाऊं नये असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. निस्सीम एझिकेल ह्यांनीं आपलें सारें काव्य इंग्रजींत लिहिलें. तरी त्यांत मुंबईचा कोंदटपणा, मुंबईची बोलण्याची ढब व मुंबईंत राहणाऱ्या एकाकी माणसाची तगमग पानोपानीं भेटते. अरुण कोलटकर तर मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहीत. त्यांचें 'जेजुरी' हें १९७६ सालीं निघालेलें पुस्तक इंग्रजी आहे. पण खंडोबाच्या डोंगरावरील धूळ त्या पुस्तकास लागली आहे. 'काळा घोडा पोएम्स' ह्या २००४ सालच्या त्यांच्या संग्रहांत मुंबईंतील एका चौकांतलीं माणसें, कुत्रीं व कचरा ह्यांनाच काव्याचा मान मिळाला आहे. आणि विशेष असें कीं, पखवाज शिकलेल्या ह्या कवीनें इंग्रजींत गाणीं रचून तीं ध्वनिमुद्रित करून पाहण्याचाही उद्योग एके काळीं केला होता. तेव्हां भाषा कोणती हा आमचा प्रश्नच नाहीं. गाणारा कोठें उभा राहून गातो आहे हें ऐकणाऱ्यास कळावें, एवढीच आमची मागणी आहे. इंग्रजी काव्यानें मुंबईंत ती पुरी केली. इंग्रजी रॉकनें, निदान ह्या संग्रहापुरती, पुरी केली नाहीं.

येथें एका कलावंताचें स्मरण करणें प्राप्त आहे. नंदू भेंडे हे नटवर्य आत्माराम भेंडे व आशा भेंडे ह्यांचे पुत्र. आशाबाई ह्या एझिकेल ह्यांच्या भगिनी. म्हणजे मराठी रंगभूमि व इंग्रजी काव्य हीं दोन्ही ज्याच्या घरचीं, असा हा गायक. १९७४ सालीं अलीक पदमसी ह्यांनीं मुंबईंत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हें रॉक-संगीतक बसविलें, त्यांत भेंडे ह्यांनीं ज्यूडासची भूमिका गाइली. चार वर्षांनीं, १९७८ सालीं, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनें पु. ल. देशपांडे ह्यांचें 'तीन पैशाचा तमाशा' हें नाटक जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं रंगभूमीवर आणिलें, आणि त्यांतील नायक अंकुश ह्याची भूमिका भेंडे ह्यांच्याकडे आली. मूळ नाटक जर्मनींतील ब्रेख्त ह्यांचें, १९२८ सालचें. त्याचेंही मूळ जॉन गे ह्यांच्या १७२८ सालच्या इंग्रजी संगीतकांत. असें दोनशें पन्नास वर्षें प्रवास करून आलेलें कथानक मराठींत परकें वाटलें नाहीं. नाट्यपदांची ढब, लावणीचा ठसका आणि भेंडे ह्यांच्या गळ्यांतील रॉकचा खरखरीत जोर हीं तिन्ही एकाच रंगमंचावर नांदलीं. मराठी शब्द रॉकच्या तालांत बसत नाहींत, मराठी व्यंजनें त्या चालीस जड होतात, असें म्हणणाऱ्यांस तें प्रत्यक्ष उत्तर होतें.

खेद एवढाच कीं, तें उत्तर ऐकून पुढचा प्रश्न कोणी विचारला नाहीं. नाटक संपलें आणि ती वाटही तेथेंच थांबली. त्याच बळावर मराठी शब्दांचा एखादा बँड त्या दशकांत उभा राहता, तर 'रॉक मशीन'ला एक भावंड मिळालें असतें व दोघांच्या स्पर्धेंतून दोघांचेंही भलें झालें असतें. भेंडे २०१४ सालीं निवर्तले. त्यांच्या अंगीं जो योग जुळून आला होता, तो पुन्हां सहज जुळणारा नाहीं. परंतु वाट एकदां पडली होती हें विसरूं नये.

अलीकडे दुसऱ्या बाजूनें एक प्रयत्न चालू आहे. मुंबईंतील कांहीं तरुणांनीं 'अभंग रिपोस्ट' ह्या नांवाचा बँड काढला असून ते संतांचे अभंग विजेची गिटार, खर्जाची गिटार व पाश्चात्त्य तालवाद्यें ह्यांच्या साथीनें गातात. त्यांच्या कार्यक्रमांस तरुणांची दाटी होते, आणि ज्या मुलांनीं घरच्या हरिपाठास कधीं मांडी घातली नाहीं, तीं तेथें उभ्यानें विठ्ठलाच्या नांवाचा गजर करितात. हें पाहून कित्येक वडीलधारी मंडळी नाकें मुरडतात. आम्ही त्यांतले नाहीं. वीणा व मृदंग हीं कांहीं स्वर्गांतून उतरलेलीं वाद्यें नव्हत. ज्या काळीं जें हातीं लागलें त्याच्या साथीनें भक्तांनीं गाइलें. आज गिटार हातीं लागली आहे. अभंग ऐकून ऐकणारा मूळ गाथेकडे वळला, तर गिटारीचें त्यांत पुण्यच आहे.

तथापि टीकेनें येथेंही थोडें खोलांत गेलें पाहिजे. अभंग रॉकच्या तालावर इतका सहज कां बसतो? मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा. भजनांत तो गातात तो बहुधा आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर. रॉकचा सर्वसाधारण ताल चारचार मात्रांचा. आठांत चार दोनदां सामावतात, हें लहान मूलही सांगेल. ह्याखेरीज भजनांत लय क्रमाक्रमानें वाढते, पालुपद पुनःपुन्हां येतें, आणि टाळकरी तें उचलतात. रॉकच्या मैफलींतही नेमकें असेंच घडतें. म्हणजे ह्या दोहोंचा सांधा निसर्गतःच जुळणारा आहे. ज्या गोष्टी आपल्या आपण जुळतात, त्या जुळविल्याचें श्रेय मर्यादितच असावयाचें. खरी परीक्षा शब्दांच्या ठिकाणीं होते. गिटार व तालवाद्यें चढूं लागलीं कीं चौथ्या चरणांतील चार अक्षरें, ज्यांत पुष्कळदां साऱ्या अभंगाचा मर्माघात असतो, तीं बुडून जातात. गजर राहतो व अर्थ हरपतो. फडावरचा मृदंगी शब्द आला कीं हात आवरतो व शब्द संपला कीं हात मोकळा सोडतो. ही रीत नव्या वाद्यांनीं शिकून घेण्याजोगी आहे.

ह्याहून मोठी उणीव आणखी एक आहे, आणि ती केवळ ह्याच बँडची नाहीं. अभंग गाणारा बँड सूर नवे आणतो. शब्द मात्र सातशें किंवा चारशें वर्षांपूर्वींचे उसने घेतो. ते शब्द अमर आहेत ह्यांत संशय नाहीं. पण नामदेवांनीं काय केलें होतें? त्यांनीं आपल्या आधींच्यांचे शब्द घेऊन त्यांस नवी चाल लाविली एवढ्यावर ते थांबले नाहींत. शिंप्याच्या घरांतील माणसानें आपल्या घरचें भांडण, आपल्या देवाशीं असलेली सलगी, आपला रुसवा, आपली भूक हीं सारीं आपल्या शब्दांत आणिलीं व त्यांखालीं आपल्या नांवाची मुद्रा उमटविली. पुढें ते पंजाबांत गेले तेव्हां तेथील लोकांस कळेल अशा भाषेंत त्यांनीं रचना केली. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं ६१ पदें समाविष्ट आहेत. त्यांच्या वास्तव्यानें पुनीत झालेल्या घुमान ह्या पंजाबांतील गांवीं २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां ह्या नात्याची पुन्हां आठवण झाली. नरसीच्या माणसानें भाषा बदलली, पण ती ऐकणाऱ्याच्या जवळ जाण्यासाठीं बदलली. मुंबईच्या बँडनेंही भाषा निवडली; ती ऐकणाऱ्याच्या जवळ नेते कीं दूर, हा विचार तेथें झालेला दिसत नाहीं. आणि अभंगांचे बँड भाषा जवळची घेतात, पण आपलें स्वतःचें मनोगत त्या भाषेंत सांगावयास अद्याप कचरतात.

ह्या दोन अपुऱ्या वाटांच्या पलीकडे तिसरी वाट आहे काय? आमच्या मतें आहे, आणि ती आमच्याच शेजारून गेलेली आहे. हिंगोलीहून पश्चिमेकडे गेल्यास बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर लागतें. तेथें वकिली करणारे ना. घ. देशपांडे हे कवि. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांची एक कविता जी. एन. जोशी ह्यांनीं तबकडीवर गाइली आणि ती महाराष्ट्रभर झाली. भावगीत ह्या प्रकाराचा आरंभ पुष्कळ लोक त्या तबकडीपासून धरितात. पुढें गजाननराव वाटवे ह्यांनीं समकालीन कवींच्या कवितांस स्वतः चाली लावून त्या गणेशोत्सवांच्या मांडवांतून गाइल्या. नाटक कंपनीचा पडदा नाहीं, चित्रपटाचें कथानक नाहीं. एक कवि, एक गळा व एक पेटी. 'स्वतंत्र संगीत' असें आज ज्यास म्हणतात तें ह्याहून निराळें काय आहे? तबकडी त्या काळीं परदेशी यंत्र होतें, आज विजेची गिटार आहे. पण त्या यंत्रावर मेहकरसारख्या आडगांवच्या माणसाचे शब्द चढले, आणि त्यांतील रान व त्यांतील ओढ पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांनीं आपली मानली. गांव लहान असल्यामुळें शब्द लहान झाले नाहींत.

ह्यांत पणास लागलें आहे तें काय, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण हा केवळ आवडीनिवडीचा वाद नाहीं. बाळापुरच्या मुलास आज जगांतील सर्व गाणीं उपलब्ध आहेत. त्यांतील इंग्रजी गाण्यांत त्याला बंडखोरी सांपडते, हिंदी गाण्यांत प्रेम सांपडतें, अभंगांत भक्ति सांपडते. त्याच्या स्वतःच्या आयुष्यांत ज्या गोष्टी घडतात, त्या मात्र कोणत्याच गाण्यांत नाहींत. हळद शिजवितांना अंगावर येणारी वाफ, बाजारांत सोयाबीनचा भाव पडल्याची वार्ता आली त्या दिवशीं घरांत पसरणारी शांतता, शिकवणीसाठीं नांदेडला किंवा पुण्याला धाडलेल्या मुलाची भाड्याची खोली, कयाधूच्या कोरड्या पात्रांतून संध्याकाळीं परतणारीं गुरें, ह्या त्या गोष्टी. ज्या अनुभवास गाणें मिळत नाहीं, तो अनुभव माणसास हळूहळू क्षुद्र वाटूं लागतो. आणि ज्याला आपलें आयुष्य गाण्यायोग्य वाटत नाहीं, तो तें दुसऱ्याच्या गाण्यांतून उसनें जगतो. मग मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढें भान हरपून नाचणें एवढेंच त्याच्या वांट्यास उरतें. ती भिंत गाण्याची भूक शमवीत नाहीं, बधिर करते.

तिसऱ्या वाटेनें जाण्यास आज साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाहीं. पूर्वीं तबकडी काढावयाची तर कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागे, आणि कंपनी मुंबईंत. आज ध्वनिमुद्रणाचें सामान्य काम घरच्या घरीं होऊं शकतें व गाणें जगापुढें ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. अडचण आहे ती मनाची. गिटार हातीं घेतली कीं आपली बोली लाजिरवाणी वाटावी, आणि बोली तोंडीं आली कीं गिटार परकी वाटावी, ह्या दुहेरी संकोचांत आमचा तरुण सांपडला आहे. हा संकोच मोडण्याचें काम उपदेशानें होणार नाहीं. एखाद्या चांगल्या गाण्यानेंच तें होईल. घरच्या मंडळींनीं मात्र एवढें करावें कीं, मुलगा काय ऐकतो तें एकदां त्याच्याबरोबर बसून ऐकावें, आवडलें तर कां आवडलें व नावडलें तर कां नावडलें हें त्यास सांगावें. ज्या घरांत नाट्यपदांवर वाद होत असत त्या घरास हें अवघड वाटूं नये.

आतां मूळ विषयाकडे येऊन निर्णय सांगणें उरलें. 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह ऐकण्याजोगा आहे व जतन करण्याजोगाही आहे. कित्ता टाकून स्वतःची रचना करावी, सवलत न मागतां जगाच्या बरोबरीनें वाजवावें, वयाबरोबर कलेस पिकूं द्यावें, ह्या तिन्ही बाबतींत पुढच्या मंडळींनीं ह्या बँडकडून धडा घ्यावा. सुरांची स्वतंत्रता कशी मिळवावी हें त्यांनीं दाखवून दिलें आहे. शब्दांची स्वतंत्रता मात्र त्यांच्याकडून शिकतां येणार नाहीं; ती मेहकरच्या वकिलाकडून आणि नरसीच्या शिंप्याकडून शिकावी लागेल. तिनईकरांच्या गिटारीचा संयम आणि नामदेवांच्या शब्दांची निर्भयता हीं ज्या दिवशीं एका मराठी गाण्यांत एकत्र येतील, त्या दिवशीं त्या गाण्याचें परीक्षण लिहिण्यास आम्ही आनंदानें लेखणी हातीं घेऊं. तें गाणें मुंबईहूनच यावें असा कांहीं नियम नाहीं. बाळापुराहूनही येऊं शकेल.